ताप नाही, पण बीपी उतरतंय: वयस्कर आई-वडिलांचा गंभीर जंतुसंसर्ग

गंभीर संसर्ग झालेल्या वयस्कर माणसाच्या घरात पहिलं वाक्य 'ताप आलाय' असं असेलच असं नाही. बरेचदा ते असतं 'आज अंथरुणातून उठलेच नाहीत', 'ताट तसंच परत आलं', 'बाथरूमकडे जाताना तोल गेला', 'कालपासून कपड्यातच होतंय', किंवा नुसतंच 'आज काहीतरी वेगळे वाटतायत'. यातलं शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. रोज सोबत राहणाऱ्याला जो फरक जाणवतो, तो रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसायच्या आधी जाणवतो. हा फरक डॉक्टरांना आकड्यांत सांगता आला, तर पुढचा बराच वेळ वाचतो. घरच्यांच्या हातात खरोखर असलेली गोष्ट हीच: यांचं नेहमीचं काय आणि आजचं काय, हे नेमकं सांगता येणं.

आधी ताप. उतारवयात शरीर संसर्गाला पूर्वीसारखा ताप आणून उत्तर देत नाही. त्यात गुडघेदुखीसाठी पॅरासिटामॉल रोज चालू असेल किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या असतील, तर उरलासुरला तापही झाकला जातो. म्हणून वयस्कर माणसात तोंडात धरलेल्या थर्मामीटरवर १०० फॅरनहाइटच्या वरचा एक आकडाही गांभीर्याने घ्यायचा, आणि त्यांच्या नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंश फॅरनहाइटने वाढ झाली तर तोही तापच समजायचा. ज्यांचं नेहमीचं ९७ असतं त्यांना ९९ म्हणजे ताप. काखेतलं तापमान आणखी कमी भरतं, हे लक्षात ठेवायचं. उलटी बाजूही तितकीच धोक्याची आहे: संसर्गाची लक्षणं असताना अंग ९६.८ च्या खाली उतरलं, तर ते चांगलं लक्षण नाही. थंड पडलेला रुग्ण तापलेल्या रुग्णापेक्षा जास्त अडचणीत असू शकतो. आणि हुडहुडी भरून दात वाजले, पलंग हलेल इतकी थंडी वाजली, तर जंतू रक्तात उतरल्याची शंका घ्यायची. अशी थंडी पांघरूण घालून निभावून न्यायची नसते.

आता बीपी. पुस्तकातला १२०/८० हा आकडा इथे दिशाभूल करतो. ज्यांचं बीपी वर्षानुवर्षं १५०-१५५ च्या घरात आहे, त्यांचं वरचं बीपी ११० दिसलं की घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात, 'आज बीपी छान आहे' म्हणतात. तर ते छान नसतं. वरचं बीपी ९० च्या खाली जाणं जितकं गंभीर, तितकंच नेहमीच्या आकड्यापेक्षा ४० ने घसरणं गंभीर. अनेक वर्षांच्या उच्च रक्तदाबाला सरावलेल्या मेंदूला आणि मूत्रपिंडांना ११० पुरत नाही. म्हणून चांगल्या तब्येतीत असताना आठवड्यातून एखादा आकडा लिहून ठेवलेला असला, की अशा दिवशी त्याचा उपयोग होतो.

बीपी उतरतं का, हे समजून घेतलं तर पुढचे उपचार कळायला सोपं जातं. संसर्गाला उत्तर देताना शरीराचाच तोल सुटतो. रक्तवाहिन्या सैल पडून रुंद होतात आणि त्यांच्या भिंतींतून पाणी बाहेर झिरपायला लागतं. पंप तोच, पाणी कमी झालेलं आणि पाइप मात्र रुंद झालेले, म्हटल्यावर दाब टिकणार कसा? सेप्सिस म्हणतात ती हीच अवस्था: संसर्गापेक्षा त्याला दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव बिघडू लागणं. भरपूर सलाईन देऊनही बीपी टिकवायला औषध लागतंय आणि रक्तातलं लॅक्टेट (पेशींना रक्त-ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं आम्ल) २ च्या वर आहे, अशी वेळ आली तर तो सेप्टिक शॉक.

नाडीवर फार विसंबू नये. तरुण माणसात बीपी उतरायच्या आधी नाडी १२०-१३० वर जाते. पण मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल ही नाडी मंद ठेवणारी औषधं घेणाऱ्यांची नाडी ८०-८५ वरच बसून राहते आणि सगळं ठीक आहे असं भासवते. पेसमेकरवाल्यांचंही तसंच होऊ शकतं.

त्यापेक्षा श्वास मोजावा. माझ्या मते घरी करता येण्यासारखी सर्वांत उपयोगाची आणि सर्वांत दुर्लक्षित तपासणी हीच. उपकरण लागत नाही. पलंगाच्या बाजूला बसायचं, पोटावरच्या चादरीच्या कडेवर नजर ठेवायची आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट ती किती वेळा वर येते ते मोजायचं. 'तुमचा श्वास मोजतोय' असं सांगायचं नाही, सांगितलं की श्वास बदलतो. मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. विश्रांतीत २२ किंवा जास्त भरले तर काळजीची गोष्ट, २५ किंवा त्यावर गेले तर वाट बघायची नाही. फुप्फुसात काही नसतानाही हा वेग वाढतो, कारण रक्तात आम्ल साचतं आणि शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकायचा प्रयत्न करतं. बीपी उतरायच्या आधी बऱ्याचदा हा आकडा वर गेलेला असतो.

बीपी मोजताना हात उशीवर, छातीच्या पातळीत ठेवायचा. पट्टा स्वेटरवरून बांधायचा नाही. बारीक झालेल्या दंडावर मोठा पट्टा खरं बीपी आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अनियमित ठोके असतील किंवा बीपी फारच खाली असेल, तर आपोआप फुगणारं मशीन वारंवार 'एरर' दाखवतं. मशीन बिघडलंय म्हणून सेल बदलत बसू नये. अशा वेळी गुडघ्यांकडे पाहावं: गुडघ्याभोवती जांभळट, जाळीदार डाग दिसतायत का, हातपाय गार पडलेत का. बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडावं. पांढरी पडलेली त्वचा पुन्हा गुलाबी व्हायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर रक्त तिथवर नीट पोहोचत नाहीये. सावळ्या त्वचेवर हे नखाच्या गादीवर किंवा तळव्यावर चांगलं कळतं. गार बोटांवर ऑक्सिमीटरही चुकीचं दाखवतो, तेव्हा हात चोळून गरम करून पुन्हा लावावा.

शेवटची लघवी कधी झाली, हेही आठवून ठेवायचं. आठ-दहा तासांत झालेली नसणं किंवा अगदी गडद, थोडीशी होणं म्हणजे मूत्रपिंडांना रक्त कमी पडतंय. मात्र ओटीपोट टणक फुगलेलं असेल, तर लघवी तुंबलेली असू शकते, आणि तुंबलेली लघवी हे स्वतःच संसर्गाचं कारण असतं.

मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर लगेच. गुंगी आणि असंबद्ध बोलणं साखर कमी झाल्यानेही येतं. जेवण बंद आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू, त्यात मूत्रपिंड मंदावलेलं, म्हणजे औषध शरीरात रेंगाळतं आणि साखर पुन्हा पुन्हा घसरते. ७० च्या खाली असेल आणि माणूस नीट जागा असेल तरच तोंडाने साखर द्यावी.

घरी काय करू नये, यावर मी जरा जोर देईन, कारण प्रेमापोटी नेमकं तेच केलं जातं. गुंगीत असलेल्याला बळेबळे पाणी पाजू नये. ते फुप्फुसात जातं आणि एका संसर्गाचे दोन होतात. 'उठून बसा, जरा बरं वाटेल' म्हणून उभं करू नये. सपाट झोपवून पायाखाली उशी द्यावी, दम लागत असेल तर मात्र पाठ उंच ठेवावी. कपाटातली मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची गोळी देऊ नये. तिने संसर्ग आटोक्यात येत नाही, पण पुढे केलेल्या कल्चरमध्ये (रक्तातला किंवा लघवीतला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी) जंतू उगवत नाहीत आणि डॉक्टरांना अंधारात औषध निवडावं लागतं. बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी द्यायची वेळ झाली असेल, तर आधी बीपी बघावं आणि ते उतरलेलं असेल तर गोळी हातात धरून डॉक्टरांना फोन करावा. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, फ्युरोसेमाइड, मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन, शिवाय डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या: शरीरात पाणी कमी झालेलं असताना आणि बीपी खाली असताना ही औषधं साधारणपणे थांबवायला सांगतात. याला एक मोठा अपवाद आहे. महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांचं स्टिरॉइड कधीही अचानक बंद करायचं नाही. त्यांचं शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, आणि आजारात ते न मिळाल्यानेच बीपी कोसळू शकतं. दवाखान्यात पोहोचल्यावर ही माहिती पहिल्या पाच मिनिटांत सांगायची.

निघायचं कधी? संसर्गाची शंका आहे आणि माणूस नव्याने गोंधळलेला किंवा गुंगीत आहे, तर तेवढं एक कारण पुरे. वरचं बीपी १०० च्या खाली किंवा नेहमीपेक्षा ४० ने कमी, श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त, हुडहुडी, जाळीदार डाग, दिवसभरात लघवी नाही, यांपैकी काहीही असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट बघायची नाही. स्वतःच्या गाडीत मागे बसवून नेण्यापेक्षा रुग्णवाहिका बरी: झोपवून नेता येतं आणि ऑक्सिजन वाटेतच सुरू होतो.

बरोबर एक कागद असावा. फायलींचा गठ्ठा मागाहून आला तरी चालतो, हा कागद हातात हवा. नेहमीचं बीपी, वजन, शेवटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आणि त्याची तारीख, सगळी औषधं मात्रेसह, रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर ते ठळक अक्षरांत, आधीचे आजार, गेल्या काही महिन्यांत घेतलेली अँटिबायोटिक्स, मागच्या कल्चरमध्ये उगवलेला जंतू, शरीरात बसवलेल्या वस्तू म्हणजे पेसमेकर, कृत्रिम झडप, स्टेंट, लघवीची नळी. अ‍ॅलर्जी लिहिताना काय झालं होतं तेही लिहावं. पेनिसिलिनने पोट बिघडलं होतं, ही अ‍ॅलर्जी नव्हे. पण 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' एवढंच लिहिलं तर सर्वांत योग्य औषध बाजूला पडतं आणि दुसऱ्या पसंतीचं दिलं जातं. घसा सुजला होता, श्वास अडला होता, अंगभर गांधी उठल्या होत्या, हे मात्र तसंच्या तसं लिहायचं.

त्याच कागदावर दोन ओळी त्यांच्या रोजच्या जगण्याच्या. स्वतः जेवतात का, काठी घेऊन चालतात की आधाराने, पेपर वाचतात का, नातवंडांची नावं घेतात का. कॅज्युअल्टीत पलंगावर गोंधळलेला म्हातारा माणूस दिसला, की 'हे असेच असतात' असा समज सहज होतो, आणि आधीपासून विस्मरणाचा आजार असेल तर हमखास होतो. तेव्हा स्पष्ट सांगायचं: 'परवा संध्याकाळपर्यंत स्वतःच्या हाताने जेवत होते, माणसं ओळखत होते. हे कालपासूनचं आहे. नेहमीचं बीपी १५० असतं, आज १०५ आहे. आम्हाला सेप्सिसची शंका वाटते.' या चार वाक्यांनी उपचारांची घाई किती करायची, हे ठरायला मदत होते.

आत गेल्यावर पहिल्या तासात बरंच काही एकाच वेळी चालतं. दोन्ही हातांना सुया लागतात, रक्त जातं, ऑक्सिजन लागतो, छातीचा एक्स-रे, ईसीजी. दोन गोष्टींवर आपलं लक्ष असावं. पहिली, अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर घेतलंय ना. ते दोन वेगवेगळ्या जागांहून घेतात, प्रत्येक बाटलीत साधारण ८ ते १० मिली रक्त; त्यामुळे 'इतकं रक्त कशाला' असं वाटतं, पण कमी रक्तात जंतू निसटतात. दुसरी, अँटिबायोटिकचा पहिला डोस प्रत्यक्ष चालू झाला का. शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर तासाभरात, शॉक नाही आणि निदान धूसर आहे तर झटपट तपासण्या करून तीन तासांच्या आत, असं २०२१ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रं सांगतात. अडचण होते ती औषध लिहिल्यापासून ते शिरेत जाईपर्यंतच्या मधल्या वेळात: औषध मागवायचंय, रुग्ण स्कॅनला गेलाय, वॉर्ड बदलतोय. 'पहिला डोस किती वाजता गेला?' हा प्रश्न विनयाने पण नक्की विचारावा. मूत्रपिंड कमजोर असलं तरी पहिला डोस सहसा पूर्णच देतात, कपात पुढच्या डोसांत होते.

सलाईनबद्दल घरच्यांच्या मनात सर्वांत जास्त धास्ती असते, आणि ती समजण्यासारखी आहे. बीपी खूप खाली असेल किंवा लॅक्टेट ४ च्या पुढे असेल, तर पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली हा ढोबळ हिशेब आहे. ६० किलोच्या माणसाला १८०० मिली. ज्यांचं हृदय कमजोर आहे किंवा ज्यांना डायलिसिस चालू आहे, त्यांच्या बाबतीत हे अंतर जपून कापावं लागतं: २५० मिली द्यायचं, बीपी, श्वास, छातीचा आवाज, ऑक्सिजन पाहायचं, मग पुढचं २५०. चूक दोन्ही बाजूंना होते. हृदयाच्या भीतीने हात आखडला तर मूत्रपिंड कोरडं पडतं, सरधोपट बाटल्या चढवल्या तर फुप्फुसात पाणी भरतं. त्यामुळे 'सलाईन देऊ नका' असा आग्रह धरण्याऐवजी हृदयाच्या शेवटच्या इकोचा रिपोर्ट दाखवावा आणि सलाईन चालू असताना दम वाढला, खोकला सुरू झाला तर लगेच सिस्टरना सांगावं.

सलाईनने भागलं नाही, तर नॉरअ‍ॅड्रेनालिन (थोडक्यात नॉरअ‍ॅड) हे बीपी धरून ठेवणारं औषध सुरू होतं. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या ते आवळतं. सुरुवात हाताच्या चांगल्या शिरेतून करता येते, पुढे मानेतल्या मोठ्या शिरेत नळी (सेंट्रल लाइन) आणि मनगटात सतत बीपी दाखवणारी बारीक नळी घालतात. आयसीयूत वरच्या-खालच्या आकड्यापेक्षा सरासरी दाबाकडे लक्ष असतं, लक्ष्य साधारण ६५. हिशेब सोपा आहे: वरच्यातून खालचा वजा करायचा, उरलेल्याचा तिसरा हिस्सा खालच्यात मिळवायचा. ९०/५० म्हणजे सुमारे ६३. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यात ६५ आणि त्याहून जास्त वयाच्या रुग्णांत हा दाब ६० ते ६५ वर चालवून घेतला, तेव्हा औषध कमी लागलं आणि मृत्यू वाढले नाहीत. म्हणून मॉनिटरवर ६२ दिसलं की कासावीस व्हायचं कारण नाही.

पण मॉनिटरवरच्या आकड्याने हुरळूनही जायचं नाही. भेटीच्या वेळी '१२०/७० आहे' हे ऐकून घरचे खूश होतात, आणि ते १२० औषधाने धरून ठेवलेलं असतं. खरी प्रगती कळते ती औषधाच्या वेगावरून. 'नॉरअ‍ॅड कालपेक्षा कमी झालंय की वाढलंय?' हा एक प्रश्न 'बीपी किती?' या प्रश्नापेक्षा कितीतरी जास्त सांगतो. डोस वाढत चालला आणि दुसरं औषध म्हणून व्हासोप्रेसिन किंवा स्टिरॉइड जोडलं, तर आजार पुढे सरकतोय. डोस उतरतोय, लॅक्टेट खाली येतंय, लघवी तासाला ३० मिलीच्या वर आहे (हा आकडा ६० किलो वजनाचा, किलोमागे अर्धा मिली), तर गाडी रुळावर येतेय.

आता मुळाचा शोध. अँटिबायोटिक कितीही भारी असलं तरी कोंडलेल्या पुवापर्यंत ते नीट पोहोचत नाही. खड्याने अडलेल्या मूत्रपिंडात साचलेला संसर्ग, पित्तनलिकेतला अडथळा, पोटातला गळू, संसर्ग झालेली शिरेतली नळी: यांतलं काही असेल तर ते मोकळं करणं किंवा काढणं हाच उपचार, आणि तोही रुग्ण थोडा सावरला की शक्य तितक्या लवकर, काही तासांतच. 'इतक्या नाजूक अवस्थेत प्रोसिजर कशाला, आधी बरे होऊ देत' ही भावना स्वाभाविक आहे, पण अडथळा निघाल्याशिवाय ते बरे होत नाहीत. बारीक नळी घालून लघवीला वाट करून दिल्यावर काही तासांत बीपीचं औषध उतरायला लागतं, असं अशा रुग्णांत दिसतं.

इथेच लघवीच्या रिपोर्टबद्दल सावध राहायला हवं. वयस्कर माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात, आणि बरेच दिवस नळी असलेल्यांच्या लघवीत तर जवळजवळ नेहमीच सापडतात. त्यामुळे 'युरिन इन्फेक्शन आहे' म्हटलं की शोध तिथेच थांबतो आणि पित्ताशय राहून जातं. नळी असेल तर नमुना पिशवीतून नव्हे, नळी बदलून नव्या नळीतून घ्यायचा असतो. आणि रुग्णाला एकदा पूर्ण कुशीवर वळवून पाठ बघायलाच हवी: माकडहाडावरची जखम, टाचा, मांड्यांच्या घड्या, मधुमेह असेल तर पायाच्या बोटांच्या बेचक्या. पांघरुणाखालची काळपट, वास येणारी जखम हेच मूळ निघू शकतं. पाठीवर काही असल्याचं घरच्यांना माहीत असेल, तर संकोच न करता आधीच सांगावं.

व्हेंटिलेटर, डायलिसिस यांचे निर्णय कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या, पाच मिनिटांत द्यावे लागतात, म्हणून ते आधीच बोललेले बरे. वयापेक्षा आजाराआधीची अवस्था जास्त महत्त्वाची असते. एकट्याने बाहेर जाऊन येणाऱ्या ८५ वर्षांच्या आईची शक्यता पलंगाला खिळलेल्या ७० वर्षांच्या वडिलांपेक्षा चांगली असू शकते. डॉक्टर त्यासाठी दुबळेपणाची १ ते ९ अशी मोजपट्टी वापरतात, आणि त्यांना ती घरच्यांच्या सांगण्यावरूनच भरावी लागते. मला सर्वांत माणुसकीचा वाटणारा मार्ग म्हणजे मुदत ठरवून केलेला प्रयत्न: सगळे उपचार द्या, ४८ ते ७२ तासांनी पुन्हा बसू, नॉरअ‍ॅड, लघवी आणि शुद्ध या तीन गोष्टी कुठे आहेत ते पाहू, मग ठरवू. घरातून एकाच व्यक्तीने डॉक्टरांशी बोलावं. आणि बोलताना 'आम्हाला काय हवंय' याआधी 'त्यांनी स्वतः काय म्हटलं असतं' हे यावं. डायलिसिस अनेकदा तात्पुरतं असतं, हेही विचारून घ्यावं. ते नाव ऐकूनच नकार देऊ नये.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बीपी सावरतं आणि माणूस मात्र हरवलेला वाटतो. छताकडे हात करतात, नळ्या ओढतात, घरच्यांनाच ओळखत नाहीत. याला डिलिरियम म्हणतात. ते वेडही नव्हे आणि बहुतेकांत कायमचंही नव्हे. याचा शांत प्रकार जास्त फसवा: गप्प पडून राहतात, डोळे मिटलेले, विचारलं तर एका शब्दात उत्तर. 'आराम करतायत' म्हणून तो नजरेतून सुटतो. यावर सर्वांत परिणामकारक उपाय साधे आहेत आणि ते घरच्यांनाच जमतात. चष्मा आणि श्रवणयंत्र पहिल्याच दिवशी नेऊन द्यावं, यंत्राचे सेल तपासून. दातांची कवळी डबीत नाव लिहून. भेटताना त्यांच्या चेहऱ्यासमोर यायचं, नाव सांगायचं, वार आणि वेळ सांगायची, कुठे आहेत ते सांगायचं, आणि चुकीचं बोलले तर वाद घालायचा नाही. दिवसा पडदे उघडे, रात्री झोप मोडू नये म्हणून शक्य तितकी शांतता. हात बांधल्याने तगमग वाढते. त्याऐवजी एक माणूस शेजारी बसू देण्याची परवानगी मागावी. बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, न सांगता येणारी वेदना यांनीही डिलिरियम वाढतं, तेव्हा या तीन गोष्टी विचारून घ्याव्यात.

कल्चरचा पहिला इशारा बहुतेकदा एक-दोन दिवसांत मिळतो, जंतूचं नाव आणि कोणतं औषध लागू पडेल ते आणखी एक-दोन दिवसांत. मग सुरुवातीचं मोठ्या पल्ल्याचं अँटिबायोटिक बदलून नेमकं, अरुंद पल्ल्याचं देतात. 'भारी औषध का काढलं?' असं घाबरून विचारू नये; ही चांगली बातमी असते. कल्चर निगेटिव्ह आलं म्हणजे संसर्ग नव्हता असंही नाही, सेप्सिसच्या बऱ्याच रुग्णांत ते निगेटिव्हच येतं. मूळ दूर झालं असेल तर अनेक संसर्गांना सुमारे ७ दिवसांचा कोर्स पुरतो. वॉर्डात आल्यावर रोज विचारायचा प्रश्न: लघवीची नळी आणि मानेतली लाइन अजून हवी आहे का? गरज संपलेली प्रत्येक नळी नव्या संसर्गाला दार उघडते.

घरी आल्यावर अशक्तपणा घरच्यांच्या अपेक्षेपेक्षा फार लांबतो, आठवडे नव्हे तर महिने. पलंगावरच्या दिवसांत मांड्यांचे स्नायू झपाट्याने झडतात. दिवसातून तीनदा खुर्चीत बसवणं, मग हात न टेकता खुर्चीतून उठण्याचा सराव, मग खोलीतल्या खोलीत चालणं, असा क्रम ठेवावा. आजारातून उठलेल्या वयस्कर माणसाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोला ७२ ते ९०. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारून ठरवायचा. जेवताना ठसका लागत असेल, आवाज ओला येत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी. दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू शकतात, ते परत येतात. विसरभोळेपणा, रात्रीची भयानक स्वप्नं, चिडचिड हेही याच आजाराचे अवशेष. पहिले तीन महिने पुन्हा भरती होण्याचा धोका मोठा असतो, बरेचदा नव्या संसर्गानेच, तेव्हा श्वास, बीपी आणि लघवीची वही चालू ठेवावी. फ्लूची आणि न्यूमोकॉकसची लस कधी द्यायची, ते पहिल्या फेरतपासणीला विचारून घ्यावं.

बीपीच्या गोळ्यांचा घोळ इथेच होतो. डिस्चार्जच्या कागदावर त्या थांबवलेल्या असतात, घरातल्या डबीत मात्र जुना क्रम तसाच भरलेला असतो. डबी त्याच दिवशी रिकामी करून नव्या कागदाप्रमाणे भरावी. पुढे बीपी वर जायला लागलं, की आडवं पडून पाच मिनिटांनी एकदा आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी असं मोजून डॉक्टरांना दाखवावं. उभं राहिल्यावर वरचं २० ने किंवा खालचं १० ने पडत असेल, तर बसून मोजलेल्या आकड्यावर गोळी वाढवली की माणूस रात्री बाथरूमच्या वाटेवर पडतो. गोळ्या एकेक करून, मधे एक-दोन आठवडे ठेवून परत येतात. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी पुन्हा सुरू झाली, तर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यायचं, आणि नवं क्रिएटिनिन तारखेसह त्या कागदावर चढवायचं.